दीनाचं राहिलं

दिवाळीच्या फराळाचा डबा तळाला जातो, चिवड्यात नुसतं मीठ आणि करपलेले खोबऱ्याचे काप उरतात, तेव्हा आमच्या वडगावात खरी थंडी पडते. पहाटे बेळगुंदीकडचे दूधवाले कानाला मफलर गुंडाळून स्कूटरवर काकडत येतात. तिकडं भात कापून झालेलं असतं, त्याचा ओलसर गोड वास वाऱ्याबरोबर शहरापर्यंत पोचतो. तुळशीची लग्नं लागतात आणि मग माणसांच्या लग्नांना नुसता ऊत येतो. गल्लीतले माग दिवसरात्र धडधडायला लागतात, कारण लग्न कुणाचंही असो, साडी लागतेच. सगळ्यांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. आता दिवाळी सरली की मी कॅलेंडरावरचे शनिवार मोजायला लागते, आणि ते का हे सांगायचं तर आधी आमची पोथी समजावून सांगायला पाहिजे.

"तुम्ही म्हणजे नेमकं कोण गं?" हा प्रश्न मला बालवाडीपासून विचारला गेलाय. अजूनही मी शिकवते त्या शाळेत नवीन बाई रुजू झाल्या की पहिल्या आठवड्यात तो येतोच. ख्रिश्चन का? नाही. मुसलमान? नाही. मग? आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठीच झालेले. आजोबा पलटणीबरोबर बेळगावच्या कॅम्पात आले आणि इथलेच झाले. बाबा रेल्वेत गार्ड होते, निम्मी नोकरी त्यांनी लोंढ्याला काढली. घर बांधायची वेळ आली तेव्हा जागा परवडली ती वडगावात, विणकरांच्या गल्लीत. तिथं ते झाले गार्डकाका, आणि माझं रिबका हे नाव कुणाच्या जिभेला वळेना म्हणून मी झाले रेवा. गल्लीत आमचं एकच घर. अख्ख्या बेळगावात शोधायला गेलात तरी फार काही वेगळं उत्तर येणार नाही.

आमच्यात तोरा वाचतात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ती वर्षभराच्या शनिवारांत वाटून दिलेली आहेत, या शनिवारी हा तुकडा, पुढच्या शनिवारी पुढचा. त्या तुकड्याला म्हणायचं पाराशा. दसऱ्याच्या आगेमागे आमचे सण येतात, त्यात शेवटचं पान संपतं आणि त्याच दिवशी पहिलं पान पुन्हा उघडतं, मध्ये एक दिवसाची सुट्टी नाही. ठाण्याला असो नाहीतर परदेशात, त्या शनिवारी सगळीकडे साधारण तोच तुकडा. आपल्याला आवडतो तो भाग निवडायची सोय नाही आणि नावडता पुढं ढकलायचीही नाही. सिनेगॉगमध्ये ही तोरा चामड्याच्या गुंडाळीवरून गाऊन वाचतात, पण त्याला दहा पुरुष हजर लागतात. आमच्याकडे पुरुष एकच, बाबा. भाऊ होता तो इस्राएलला गेला. तेव्हा बाबा आपले डोक्यावर टोपी घालून पडवीत बसायचे आणि मराठी पुस्तकातून मोठ्यानं वाचायचे. वाचून झालं की बोध करायचे. ऐकायला आई, मी आणि निम्मी गल्ली.

गल्ली कशी आली म्हणाल तर त्याचं श्रेय वीज मंडळाला. ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी दसऱ्यापासून शनिवारी सकाळी आमच्या भागातली वीज जायला लागली. एरवी कान फुटेस्तोवर चाललेले माग एकदम गप्प व्हायचे आणि लांबच्या झाडावरचा कावळासुद्धा ऐकू यायचा. मग बायका कांड्या भरायचे रहाट उचलून आमच्या पडवीत येऊन बसायच्या. मागाच्या धोट्यात जी कांडी बसवतात तिच्यावर सूत गुंडाळायचं काम हातानंच चालतं, त्याला वीज लागत नाही. हात रहाटावर आणि कान बाबांकडे. पोथी ती पोथी, कुणाची का असेना! गंगाक्का सगळ्यांत म्हातारी, ती येताना दोन केळी आणायची आणि पुस्तकापुढं ठेवायची. बाबांनी पहिल्या पहिल्यांदा समजावून बघितलं, की आमच्यात पुस्तकाला नैवेद्य नसतो. गंगाक्का म्हणाली, "तुमच्यात नसंल. माझ्यात हाय." केळी मी खायची.

बाबांचा एक कायदा होता. लिहिलंय ते वाचायचं, गाळायचं काही नाही. आणि तोरेत काय काय लिहिलंय हे ज्यानं वाचलंय त्यालाच ठाऊक. नोहा दारू पिऊन उघडा पडला, हे बाबांनी भर पडवीत खणखणीत आवाजात वाचलं. गंगाक्का म्हणाली, "आमच्या मालकागतच की वो!" पुढं लोट आणि त्याला दारू पाजून त्याच्यापासूनच दिवस घेणाऱ्या त्याच्या मुलींची गोष्ट आली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात तोंड घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. बाहेरून बायकांचा आवाज, "अगं बया! ह्ये बी पोथीत हाय?" आणि बाबांचा शांत आवाज, "आहे. पोथी आपल्या सोयीनं वाचायची नसते. आपण कसे आहोत ते पण तिच्यात लिहिलंय." कॉलेजात जाणारी पोरगी मी, मला वाटायचं धरणी दुभंगावी. लाज म्हणजे ही, असं मला तेव्हा वाटत होतं. किती स्वस्तातली लाज होती ती!

ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय त्या वर्षी मी आणि शोभा दोघीही विशीच्या तोंडावर होतो. शोभा समोरच्या रामूअण्णांची मुलगी. रामूअण्णांच्या घरी दोन हातमाग, चार तोंडं आणि बोलायचं काम शोभाचं एकटीचं. आमच्या घरात तिचं येणं वेगळ्याच कारणानं सुरू झालं होतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, आम्ही आग पेटवत नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही. आणि दुसऱ्याला 'अमुक कर' म्हणून सांगायचंही नसतं. त्यानं आपणहून केलं तर गोष्ट वेगळी. शोभा लहानपणापासून शनिवारी सकाळी यायची, कुणी काही न सांगता गॅस पेटवून चहाचं आधण ठेवायची आणि वर म्हणायची, "मला चा प्यायचाय म्हनून लावलाय बरं का. तुमच्यासाठी न्हाय." मग आमच्याही कपात ओतायची. हा तिचा विनोद वर्षानुवर्षं शिळा झाला नाही.

त्या वर्षी हिवाळा लवकर लागला. उत्पत्तीच्या, म्हणजे पाचांतल्या पहिल्या पुस्तकात लग्नंच लग्नं आहेत आणि गल्लीतही लग्नंच लग्नं होती, त्यामुळे पडवीला नुसता रंग चढला होता. रिबकेच्या पाराशाला तर बायकांनी माझा पिच्छा पुरवला. अब्राहामाचा नोकर मुलगी शोधायला उंट घेऊन निघतो, विहिरीवर थांबतो, जी मुलगी त्याला पाणी देईल आणि उंटांनाही पाजेल तीच सून. "रेवा, उंट किती पानी पितंय ठाव हाय न्हवं? आधीच इचार कर!" कुणीतरी ओरडलं. "पोरगी बघायला गडी धाडला, नवरा घरात बसला, असला कसला नवरा म्हनायचा?" गंगाक्काचा सवाल. हसता हसता सूत तुटत होतं. मग बाबा त्या जागेवर आले जिथं रिबकेच्या घरचे म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू. आणि ते तिला विचारतात, जाशील का. ती म्हणते, जाईन.

तिथं बाबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. बोध करताना त्यांचा हात गार्डाच्या झेंडीसारखा वर जायचा. "बघा," ते म्हणाले, "एवढा म्हातारा नोकर, एवढे उंट, एवढे दागिने. सगळं ठरलंय. तरी गाडी हलत नाही. का? कारण जिला जायचंय तिनं हिरवी झेंडी दाखवली नाही अजून. बाईला विचारल्याशिवाय लग्न नाही. हे मी सांगत नाही, हे इथं लिहिलंय." बायकांचे रहाट थांबले होते. त्यांतल्या एकीलाही तिच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, हे मला आता कळतंय. शोभा मात्र टाळी वाजवून म्हणाली, "आप्पास्नी सांगा की वो काका, आमच्या घरी येऊन!" बाबा म्हणाले, "सांगतो. तुझ्या वेळेला मी स्वतः येऊन विचारीन तुला." सगळ्या हसल्या. बाबा खुशीत होते. त्यांचा बोध चांगला झाला की दुपारी ते आईकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे, "चांगला झाला ना?"

मध्ये एक शनिवार गेला आणि ते घडलं. गल्लीच्या टोकाला यंत्रमागांची एक मोठी शेड होती, मालक निपाणीचे. त्यांचा मुलगा शेड बघायला इथं राहायचा. शोभा तिथं भरलेल्या कांड्या पोचवायला जायची. एका संध्याकाळी त्यानं दार लावून घेतलं. आत माग चालू होते. त्या आवाजात बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. याहून जास्त मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी आताही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी गल्ली म्हणत होती, "शोभाचं नाव झालं." तिचं नाव झालं! त्याचं काय झालं, हे कुणाच्या तोंडात नव्हतं.

त्या शनिवारी आमच्याकडे गॅस पेटवायला कुणी आलं नाही. थर्मासमधला आदल्या संध्याकाळचा चहा आम्ही गारच प्यायलो. बाबा, आई आणि मी, तिघांनी एकमेकांकडे न बघता. बाहेर पडवी भरली होती, पण शोभा नव्हती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. पाराशा होती याकोबाची. लाबान मामा त्याला फसवतो, धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधतो, मग दोघी बहिणी एकाच नवऱ्याच्या बायका होतात आणि मुलांमागून मुलं होत जातात. मुलगा, मुलगा, परत मुलगा. बायका वैतागल्या. आणि शेवटी बाबांनी वाचलं, की लेआला, म्हणजे त्या थोरलीला, मुलगी झाली आणि तिचं नाव तिनं दीना ठेवलं. पडवीत एकदम जीव आला. "झाली गं बाई एक तरी पोरगी!" गंगाक्कानं रहाट थांबवून देवाला हात जोडले. "काका, हिचं लगीन कवा?" बाबांनी पुस्तक मिटलं. त्यांना पुढची पाराशा माहीत होती. त्यांना सगळ्या पाराशा पाठ होत्या.

दोन्ही घरांची बैठक आठवड्याच्या मधल्या वारी झाली, रामूअण्णांच्या सोप्यात. निपाणीचे मालक स्वतः आले होते. गल्लीतले चार जाणते बोलावले, त्यांत बाबा. परत आले ते न्हाणीत बराच वेळ पाय धूत बसले. आई पोळपाटापाशी होती.

"मिटलं," बाबा म्हणाले.

"काय मिटलं?"

"लग्न लावून द्यायचं ठरलं. लगेच, याच महिन्यात."

"कुणाशी?"

"त्याच्याशीच."

आईनं लाटणं खाली ठेवलं. मग बाबांनीच सगळं सांगितलं, कुणी न विचारता. मालकांनी हात जोडले होते. सगळा खर्च आमचा म्हणाले, हुंडा नको, मुलगी घरात लक्ष्मी म्हणून राहील. रामूअण्णा टॉवेलात तोंड घालून रडत होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग सगळे बाबांकडे वळले. "गार्डकाका, तुम्ही पोथी वाचतासा. तुम्ही सांगा."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" आई म्हणाली.

"सगळ्यांच्या मनात असेल तर माझी हरकत नाही म्हटलं." आणि मग, आई लाटणं उचलत नाही हे बघून, जरा मोठ्यानं, "मी काय म्हणणार? आपलं एकच घर आहे इथं. उद्या काही झालं तर ह्याच लोकांच्यात राहायचंय ना?"

माझ्या बाबांसारखा सज्जन माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पाऊस असो, धुकं असो, गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं उभं राहून त्यांनी रात्रीच्या रात्री काढल्या. लोंढ्याला एकदा रुळावर झोपलेल्या दारुड्याला त्यांनी खांद्यावर घालून आणला होता. त्या माणसाच्या तोंडून "माझी हरकत नाही" हे शब्द मी ऐकले आणि मला त्यांच्या ओल्या पायांकडे बघवेना. स्वतःच्या बापाची लाज वाटणं ही फार वाईट गोष्ट. ती धुवून जात नाही, कारण ती आपली नसतेच, आणि तरी अंगावर वागवावी लागते ती आपल्यालाच.

मग शनिवार आला. वयिश्लाह नावाची पाराशा. पडवी नेहमीपेक्षा भरलेली, कारण बायकांना दीनाच्या लग्नाची उत्सुकता, तिची चर्चा रामूअण्णांच्या घरापर्यंतही पोचली होती. आणि मी बघतच राहिले, शोभा आली होती. घरात बसून जीव गुदमरला असेल, किंवा लग्न ठरल्यामुळे आता तिला बाहेर पडायची मुभा मिळाली असेल. खांबाला टेकून बसली. हातात रहाट नव्हता. कुणी तिला जवळ ओढलं नाही आणि कुणी दूरही सरकलं नाही, फक्त सगळ्या जणी सुताकडे जरा जास्तच लक्ष देऊ लागल्या.

बाबा वाचायला लागले. याकोब भावाला भेटायला घाबरतो, रात्रभर देवदूताशी कुस्ती खेळतो, लंगडा होतो. भाऊ येतो, गळ्यात पडतो. बायका डोळे पुसतात. याकोब शखेम नावाच्या गावी पोचतो, तिथं जमीन घेतो, वेदी बांधतो. आणि मग बाबांनी अंगठ्यानं दोन पानं एकदम उलटली. मी शेजारीच बसले होते, मला दिसलं. आवाजात खंड पडला नाही. ते सरळ पुढच्या गावावर, बेथेलवर गेले, तिथून राहेलच्या, म्हणजे त्या धाकटीच्या, बाळंतपणावर. राहेल वाटेतच मरते. पडवी हळहळली. बाबांनी त्या दिवशी बोधही राहेलवर केला, आईच्या मायेवर, लांबलचक.

माझ्या बाबांनी पान गाळलं होतं. लोटाच्या मुली ज्यांनी गाळल्या नाहीत त्यांनी.

बायका उठायला लागल्या तेव्हा खांबापाशी बसलेली शोभा म्हणाली, "काका, दीनाचं ऱ्हायलं."

"व्हय की," गंगाक्का म्हणाली. "तिचं लगीन?"

बाबा पुस्तक फडक्यात गुंडाळत होते. "तिचं काही विशेष नाही त्यात," ते म्हणाले.

दुपारी शोभा मागच्या दारानं आली. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ती मला म्हणाली, "रेवा, पोथी दे." मी दिली. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि बाबांनी उलटलेली दोन पानं शोधून काढून वाचायला लागली, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. त्या पानांवर काय आहे ते मला माहीत होतं. दीना गावातल्या मुलींना भेटायला बाहेर पडते. त्या गावच्या मालकाचा मुलगा तिला धरतो, तिची अब्रू घेतो. मग त्याला ती आवडायला लागते आणि तो बापाला म्हणतो, हिच्याशी माझं लग्न लावून दे. त्याचा बाप येतो, हात जोडतो, म्हणेल ते देतो म्हणतो. दीनाचा बाप गप्प बसतो. भाऊ चिडतात, कपट करतात, शेवटी अख्खं गाव कापून काढतात. शोभानं सगळं वाचलं. मध्ये एकदा तिनं मान वर करून दाराकडं बघितलं, मग पुन्हा बोट ठेवलं.

"काका," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. ते झोपले नव्हतेच.

"ह्येच्यात सगळी बोलत्यात. त्यो बोलतोय, त्येचा बा बोलतोय, तिचं भाऊ बोलत्यात. ही काय म्हनली?"

"लिहिलेलं नाही, पोरी."

"का? रिबकाला इचारलं हुतं म्हनून तुम्हीच सांगितलासा."

"हिला विचारलेलं नाही."

"कुणीच?"

आई दाराच्या चौकटीत उभी होती, पदर तोंडावर धरून. शोभानं पुस्तक नीट मिटलं. "तुम्ही त्या दिशी हुतासा की सोप्यात," ती म्हणाली. "मी आत दाराच्या मागंच बसलेली. मला वाटलं, गार्डकाका आल्यात म्हंजे आता इचारतील." तिचा आवाज चढला नव्हता, कडवटही नव्हता. पुस्तकावर फडकं गुंडाळून, जिथून मी काढलं होतं त्याच फळीवर तिनं ते ठेवलं आणि ती गेली.

चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तसे बाबा उठले. चपला घातल्या. मी खिडकीतून बघत होते. गल्ली ओलांडून ते रामूअण्णांच्या दारापर्यंत गेले, तिथं उभे राहिले. आत बायका हळद दळायला बसल्या होत्या, जात्यावरचं गाणं बाहेर येत होतं. बाबा थोडा वेळ थांबले आणि परत आले. आईनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "दारात चपला फार होत्या." एवढंच. आम्ही जेवायला बसलो.

लग्न झालं. आम्ही गेलो. बाबांनी टोपी घातली, अक्षता टाकल्या. ताटात काय काय वाढलं होतं ते मला अजून आठवतं आणि आठवतं म्हणून स्वतःचाच राग येतो. निपाणीकरांनी बाबांना पुढच्या रांगेत बसवलं, शाल घातली. ती शाल आईनं कुठं ठेवली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि बाबांनी कधी विचारलं नाही. आम्ही कुणाचं वाईट केलं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलाय. उत्तर येतं, नाही. आम्ही कुणाचंच काही केलं नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

त्यानंतर दर वर्षी ती पाराशा आली, कारण तिचा शनिवार ठरलेला आहे. पुढच्या वर्षीपासून बाबांनी ते प्रकरण पूर्ण वाचलं, एक शब्द न सोडता. बायका ऐकून सुन्न झाल्या. गंगाक्का म्हणाली, "असलं लगीन व्हय!" आणि मग जीभ चावून समोरच्या घराकडे बघत राहिली. वाचून झाल्यावर सगळ्या बोधाची वाट बघत बसल्या. बाबांनी पुस्तक गुंडाळलं आणि उठून आत गेले. त्या एका शनिवारी ते पुन्हा कधी बोध करू शकले नाहीत. बाकीच्या शनिवारी करायचे, पण तो वर जाणारा हात गेला तो गेलाच. आता तर गंगाक्काही नाही. हातमाग थोडेच उरले, कांड्या भरायला बायका थोड्याच, आणि वीज गेली तरी प्रत्येकीच्या हातात मोबाइल असतो. तीन-चार जणी येतात, सवयीनं. बाबांना दिसत नाही नीट, म्हणून वाचते मी.

यंदा वयिश्लाहच्या शनिवारी मी दीनाच्या प्रकरणावर आले तेव्हा पायरीवर कुणीतरी येऊन बसलं. मी वाचता वाचता बघितलं. शोभा. भावाच्या घरी बारशाला आली होती. केस पुढून पांढरे झालेत, अंगानं सुटलीय, चांगली साडी, हातात परतीच्या प्रवासाची पिशवी. इतक्या वर्षांत ती माहेरी येताना जाताना दिसायची, लांबून हसायची, आणि ती दिसली की बाबा आत जायचे. आज दिसलीच नाही त्यांना. मी ओळीवर बोट ठेवून थांबले. ती म्हणाली, "वाच की." मी शेवटपर्यंत वाचलं.

बाबांनी विचारलं, "पायरीवर कोण आहे?"

"शोभा आहे, बाबा."

मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. खुर्चीच्या दांड्यावरची बोटं त्यांनी आवळली. मग आवाजाच्या दिशेला तोंड करून, तीन बायकांच्या देखत, म्हणाले, "शोभा, त्या वेळी तुला विचारायचं माझ्याकडनं राहिलं. मी येऊन विचारीन म्हणालो होतो, आणि मी समोर बसून विचारलं नाही. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते." त्यांना धाप लागली. "तुला काय म्हणायचं होतं गं?"

शोभानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "न्हाय म्हननार हुते, काका. दुसरं काय म्हननार?"

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी का होईना, विचारून झालं, सांगून झालं. मनातून मी हलकी झाले होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शोभा म्हणाली, "आन् मी न्हाय म्हनल्यावर तुम्ही काय केलं असतासा?"

बाबांना काहीही म्हणता आलं असतं. तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो म्हणाले असते तर आता कोण तपासायला जाणार होतं? ते म्हणाले, "काही नाही. मी गप्पच बसलो असतो."

"व्हय," शोभा म्हणाली. तिनं पायरीवर हात टेकला आणि ती उठली. "मला त्ये दाराच्या आतनंच कळलं हुतं. म्हनून तर मी बी काय बोलले न्हाय."

बाराची निपाणीची गाडी तिला गाठायची होती.